कोर्दोबातील त्या कर्मचारी बाईंचे आभार

गेल्या जुलैमध्ये स्पेनमधील कोर्दोबा शहरात मेस्किता पाहत असताना माझ्या सासूबाईंना एकाएकी घेरी आली. इ.स. 785 च्या सुमारास बांधायला घेतलेल्या या मशिदीत साडेआठशेहून अधिक खांब आहेत, त्यांतले कितीतरी जुन्या रोमन इमारतींतून आणलेले, आणि त्यांवरच्या लाल विटा व फिकट दगडांच्या दुहेरी कमानी चहूकडे सारख्याच दिसत असल्याने मला बाहेरची वाट काही केल्या सापडेना.

तेवढ्यात तिथल्या एक कर्मचारी बाई लगबगीने आल्या. त्यांनी स्वतःची खुर्ची आणून सासूबाईंना बसवले, साखरपाणी घोट घोट पाजले आणि आपल्या हातपंख्याने वारा घालत अर्धा तास त्या शेजारी उभ्या राहिल्या. एकमेकींची भाषा आम्हांला येत नव्हती. सासूबाईंना हुशारी वाटू लागल्यावर बाईंनी त्यांचा हात खांबाच्या गार दगडावर ठेवला आणि वर कमानींकडे बोट दाखवले. पाहणे अर्धवट राहू नये, एवढेच बहुधा सांगायचे असावे. पुढे संत्र्याच्या झाडांच्या अंगणापर्यंत त्या सोडायलाही आल्या. (नाव विचारायचे मात्र माझ्याकडून राहूनच गेले.) पंखा परत देऊ केला, तो त्यांनी घेतला नाही, आज तो सासूबाईंच्या उशाशी असतो.

बाई, आपले मनापासून आभार.