२ + ३ = ५ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवते म्हणून हे लिहितेय. संख्यांच्या गुणधर्मांमध्ये संवृतता येते, मुलं क्लोजर प्रॉपर्टी म्हणतात, म्हणजे एखाद्या संचातल्या कुठल्याही दोन संख्या घेऊन बेरीज, गुणाकार वगैरे केलं तर उत्तर त्याच संचात राहतं का. याचा टेबल सगळ्यांना पाठ असतो, नैसर्गिक संख्या बेरजेला हो, वजाबाकीला नाही, पूर्णांक भागाकाराला नाही, आणि कारण विचारलं की वहीत असतं "२ + ३ = ५, ५ ही नैसर्गिक संख्या आहे, म्हणून संच संवृत आहे". त्याला पूर्ण मार्क मिळतात. गाईडमध्ये पण हेच उत्तर.

हे उत्तर चूक आहे आणि बरोबर म्हणून तपासलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं. हीच ओळ मूळ संख्यांना लावून बघा ना, २ + ३ = ५, मूळ संख्या. २ + ५ = ७, तीही मूळ, २ + ११ = १३, २ + १७ = १९, सगळं छान चाललंय आणि ३ + ५ = ८ केलं की संपलं. "नाही" म्हणायला एकच उदाहरण पुरतं पण "हो" म्हणायला कितीही उदाहरणं दिली तरी पुरत नाहीत, आणि शाळेच्या गणितात हा फरक इतका सोपा करून दाखवता येईल अशी दुसरी जागा मला तरी माहीत नाही. ऑयलर या गणितज्ञाचं एक सूत्र आहे, संख्येचा वर्ग अधिक ती संख्या अधिक ४१. ० पासून ३९ पर्यंत काहीही घाला, मूळ संख्याच येते, लागोपाठ ४० वेळा! आणि ४० घातलं की १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१.

खरं कारण अवघड पण नाहीये. दोन सम संख्या २अ आणि २ब, बेरीज २(अ + ब), परत सम, एका ओळीत सगळ्याच सम संख्यांचं झालं. परिमेय संख्यांमध्ये, म्हणजे दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकात लिहिता येतात त्यांच्यात, छेदांचा गुणाकार शून्य होत नाही एवढं दाखवलं की बेरीज-गुणाकाराचं काम होतं, आणि भागाकाराला शून्य वगळावं लागतं, जे टेबलमध्ये बरेचदा राहूनच जातं. अपरिमेय, म्हणजे तसं लिहिता न येणाऱ्या, संख्यांना तर मुलं हमखास फसतात, √२ + √३ अपरिमेय येतं ना मग हो लिहून मोकळे. (२ + √३) आणि (२ − √३) यांची बेरीज करायला सांगा, ४ येतात. √२ गुणिले √८, परत ४.

आणि टेबलच्या बाहेर किती मजा आहे! दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येतात अशा संख्या घ्या (० चा वर्गही चालतो). ५ म्हणजे १ + ४, १३ म्हणजे ४ + ९, गुणाकार ६५ म्हणजे १ + ६४. हा योगायोग नाही, गुणाकाराला हा संच संवृतच आहे, ब्रह्मगुप्तांच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र आहे त्यासाठी आणि ते नववीच्या मुलाला कंस सोडवून तपासता येतं. बेरजेला मात्र नाही, १ आणि २ दोन्ही या संचात आहेत पण ३ नाही. आता दोनाऐवजी तीन वर्ग घेतले तर गुणाकारालाही नाही, ३ आणि ५ चालतात पण १५ काही केल्या तीन वर्गांत बसत नाही. चार वर्ग घेतले की परत हो, ते सूत्र ऑयलरने १७४८ मध्ये दिलं. असं का होतं हे विचारणारं एखादं तरी पोर वर्गात असतं हो, पण त्याला आपण हो-नाहीचा रकाना भरायला लावतो.

पेपर तपासणाऱ्या शिक्षकांना विनंती आहे, एका उदाहरणावर "नाही" लिहिलं असेल तर पूर्ण मार्क द्या, पण एका उदाहरणावर "हो" लिहिलं असेल तर देऊ नका, आणि का दिले नाहीत ते शेजारी लिहा. आणि संपादक साहेब, विद्यार्थ्यांच्या पानावर आठवड्याला एक संच आणि एक क्रिया छापता आली तर बघा, उत्तर पुढच्या आठवड्यात, कारणासकट. पहिला संच मी सुचवते, शेवटचा अंक ६ असलेल्या संख्या, बेरीज आणि गुणाकार दोन्ही विचारा.

आपली,
एक वाचक, सांगली