चौदा गोळ्या पूर्ण करा, बाबा

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

काल पुण्याला सुखरूप पोचले. सांभारवड्या रात्री खाल्ल्या, अजून कुरकुरीत होत्या. फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही आणि बाबा, तुम्हाला लिहिलेलं सावकाश वाचायला आवडतं, म्हणून पत्र.

मारबतीचा दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही. गल्लीच्या तोंडाशी 'रोगराई घेऊन जा गे मारबत' असा गजर चाललेला आणि आत दिवाणावर तुम्ही दोन गोधड्यांखाली थडथडत होतात. दात वाजत होते. तासाभराने अंग फणफणलं, मग घामाने बनियन चिंब. दुसऱ्या दिवशी तुम्ही खुर्चीत बसून पेपर वाचलात आणि आईला वाटलं, गेलं दुखणं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच हुडहुडी.

लॅबमधल्या ताईंनी मला तुमच्या रक्ताची काच बघू दिली. मी रोज अशा काचा बघते, पण त्या दिवशी हात थांबला. गुलाबीसर तांबड्या पेशींच्या गर्दीत एकच पेशी फुगलेली, अंगावर बारीक ठिपके, आणि पोटात खड्याच्या अंगठीसारखं निळं कडं. खड्याच्या जागी लाल टिंब. हा प्लाझमोडियम व्हायव्हॅक्स, मलेरियाचा जंतू. एका पेशीचा जीव, ना तोंड, ना पोट. तरी तो तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खातो, आत वाढतो, एकाचे दहा-वीस होतात आणि साधारण 48 तासांनी अशा पुष्कळ पेशी एकदमच फुटतात. तुमची हुडहुडी म्हणजे तो फुटण्याचा क्षण. म्हणून ताप एक दिवसाआड.

हिमोग्लोबिन खाल्ल्यावर जे उरतं ते त्याला स्वतःलाच विषारी असतं. त्याचे तो काळपट कण बनवून बाजूला टाकतो. क्लोरोक्विन हे कण बनूच देत नाही आणि तो आपल्याच उष्ट्याने मरतो. म्हणून जुलैमध्ये पहिल्यांदा मलेरिया झाला तेव्हा तीन दिवसांच्या गोळ्यांत तुमचा ताप उतरला.

पण बाबा, क्लोरोक्विन रक्तातल्यांना मारतं. यकृतातल्यांना नाही.

डास चावल्यावर हे जंतू आधी रक्तात राहत नाहीत. अर्ध्या-एक तासात यकृतात शिरतात, तिथे एकाचे हजारो होऊन मग रक्तात उतरतात. व्हायव्हॅक्सचे काही जंतू मात्र तिथेच निजून राहतात. आठवडे, महिने, कधी वर्षभरसुद्धा. मग जागे होतात. ताप परत यायला नवा डास चावण्याचीही गरज नसते. या निजलेल्यांसाठीच ती दुसरी गोळी होती, प्रायमाक्विन, रोज एक, चौदा दिवस. तुम्ही पाचव्या दिवशी सोडलीत. 'ताप तर गेला, आता काहून गोळ्या खायच्या?' असं तुम्ही म्हणालात, आणि मीही फोनवर पुढे विचारलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. दवाखान्यातही चिठ्ठीवर फक्त 'चौदा दिवस' लिहिलं होतं, का ते कुणी सांगितलं नव्हतं.

आई, तुझ्या आमांशाच्या वेळी जुलाब थांबल्यावरही डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं होतं, आठवतं? तेही असंच. अमीबा आतड्याच्या भिंतीत घुसतो, त्याला एक औषध मारतं. पण आतड्याच्या पोकळीत जे उरतात आणि कवच करून बाहेर पडतात, त्यांच्यासाठी वेगळं. हे जीव बॅक्टेरियासारखे नाहीत. त्यांच्या पेशीत आपल्या पेशीसारखंच केंद्रक असतं. आपल्याला न दुखावता त्यांना मारणारी औषधं म्हणूनच मोजकी आहेत, आणि आहेत ती पूर्ण घ्यावीच लागतात.

1897 च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधत होते. त्यांनी किती डास चिरले असतील, आणि आज आपल्याला उपाय ठाऊक असून तो पाच दिवसांत सोडायचा, हे मनाला पटत नाही.

जी-सिक्स-पीडीची तपासणी, म्हणजे तांबड्या पेशींना प्रायमाक्विन सोसेल का ते बघणारी, ठीक आली आहे, तेव्हा गोळीची भीती नको. उपाशीपोटी घेऊ नका, वरण-भात खाऊन घ्या. लघवी गडद, काळपट दिसली तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

कूलरची टाकी मी उपसून, घासून उलटी ठेवली आहे. गच्चीवरच्या टाकीचं झाकण सैल आहे, ते दादाकडून बसवून घ्या. मलेरियाच्या डासाची अळी पाण्याच्या वरच्या थरात आडवी पडलेली असते, काडीच्या तुकड्यासारखी. आई, तुला दिसेल, तुझे डोळे अजून चांगले आहेत.

यावेळच्या चौदांतली आज सहावी गोळी. कॅलेंडरवर मी चौदा तारखांना गोल केले आहेत. आई, गोळी घेतली की त्यावर फुली मार आणि मला नुसतं 'घेतली' एवढं कळव.

तुमची,
ताई