भिवंडीच्या जुन्या डॉक्टरांसाठी एक खोली : कागद, वेळ आणि देणगीचे आवाहन

भिवंडीकर बंधुभगिनींनो, आणि शिक्षण-नोकरीसाठी गाव सोडून गेलेल्या भिवंडीकरांनो,

सप्रेम नमस्कार.

१८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, त्याचे संस्थापक म्हणून डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांचे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचले आहे. परीक्षेत लिहिलेही आहे. पण वैद्यकी शिकून बाहेर पडलेल्या या तरुण डॉक्टरांनी सिव्हिल सर्जन म्हणून काम केले ते आपल्या भिवंडीत, हे गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यांची आणि त्यांच्या काळातल्या औषधोपचारांची आठवण गावात राहावी म्हणून आम्ही काही रहिवासी एक कायमचा कक्ष उभारत आहोत. वाचनालयाने त्यासाठी वरच्या मजल्यावरची खोली देऊ केली आहे. बाकी सगळे आपल्याला मिळून करायचे आहे.

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. त्याच्या पहिल्या तुकडीत आत्मारामपंत होते, आणि त्यांच्याबरोबर शिकत होते गोव्यातल्या मांद्र्याचे भाऊ दाजी लाड. १८५१ साली ही मंडळी शिकून बाहेर पडली. भिवंडीला तेव्हा आगगाडी नव्हती. कल्याणलाच ती १८५४ मध्ये पोहोचली. अशा गावी आत्मारामपंत आले आणि त्यांनी देवीची लस टोचण्याचे काम केले.

हे काम किती कठीण होते ते आज समजावून सांगावे लागते, कारण देवी हा रोगच आपल्या मुलांनी पाहिलेला नाही. तेव्हा लस बाटलीतून येत नसे. एका मुलाच्या दंडावर टोचायचे, आठवडाभराने तिथला फोड भरला की त्यातला द्रव घेऊन पुढच्या मुलाच्या दंडावर टोचायचे. त्याच्या फोडातून तिसऱ्याला. इराकमधल्या बसऱ्याहून जहाजाने अशीच आलेली लस १८०२ च्या जूनमध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली, आणि ती हिंदुस्थानातली पहिली लस ठरली. ही साखळी तुटू द्यायची नाही म्हणजे दर आठवड्याला कोणीतरी आई आपले धडधाकट लेकरू घेऊन दारात आली पाहिजे. आणि आईने का यावे? घरात देवी आल्या म्हणजे शीतलामाता आली, तिला औषध दाखवले तर ती कोपेल, ही भीती खरी होती. त्यात हा द्रव कोणाच्या मुलाच्या दंडातला, कोणत्या जातीचा, हा प्रश्नही होताच. मुंबई शहरात लस सक्तीची करणारा कायदा १८७७ साली आला. त्याआधीच्या डॉक्टरकडे कायद्याचा धाक नव्हता. उंबऱ्याशी उभे राहून समजूत घालणे, एवढेच हाती होते. जातिभेद मोडायला निघालेल्या प्रार्थना समाजाची चर्चा करताना आपण सभा आणि प्रवचने आठवतो. एका जातीच्या मुलाचा दंड दुसऱ्या जातीच्या मुलाला वाचवतो, हे रोज पाहिलेला डॉक्टर त्या समाजाच्या मुळाशी आहे, ही गोष्ट आम्हाला तितकीच मोलाची वाटते.

त्यांचे घराणेही तसेच. थोरले बंधू दादोबा पांडुरंग यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले. दुसरे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली इंग्रजी वृत्तपत्रात पत्रे लिहून कंपनी सरकारच्या लुटीचा हिशेब मांडला. आत्मारामपंतांनी आपल्या मुलींना शिकवले, परदेशी पाठवले. कन्या अन्नपूर्णा इंग्लंडला जाऊन आली होती. १८७८ साली सतरा वर्षांचे रवींद्रनाथ टागोर विलायतेला जाण्यापूर्वी या कुटुंबात राहिले, तेव्हा त्यांचे इंग्रजी सुधारण्याचे काम तिच्याकडे होते. रवींद्रनाथांनी तिला नलिनी हे नाव दिले. पुढे १८९१ मध्ये एडिंबरोला तिचे निधन झाले. वडील त्यानंतर सात वर्षे जगले. १८७९ साली ते मुंबईचे शेरीफ झाले, आणि १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत ते आणि डॉ. सखाराम अर्जुन असे दोनच भारतीय होते.

हे सगळे मुंबईच्या इतिहासात नीट नोंदलेले आहे. आम्हाला हवी आहे भिवंडीची बाजू, आणि ती आपल्याच माळ्यांवर, ट्रंकांत, देवघराच्या फडताळात असणार. जुने वाडे भराभर पाडले जात आहेत. वाडा पाडताना लाकूड विकले जाते, कागद रद्दीत जातो. म्हणून ही घाई.

देवी काढल्याचे, म्हणजे लस टोचल्याचे दाखले, जुन्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या, वैद्य-हकिमांच्या वह्या, औषधांच्या खर्चाची नोंद असलेल्या चोपड्या, पत्रे, फोटो, खल-बत्ते, काचेच्या बाटल्या, असे काहीही असले तरी दाखवा. मोडीत आहे की उर्दूत, फाटके आहे की वाळवी लागलेले, याचा विचार करू नका. कोकणी मुस्लिम घराण्यांतल्या जुन्या कागदांबद्दल आम्हाला विशेष आस्था आहे. कृपया ते आवर्जून आणा. मूळ कागद देण्याची इच्छा नसेल तर आपल्यासमोर स्कॅन करून लगेच परत करू. आजी-आजोबांकडून देवीच्या साथीच्या आठवणी ऐकल्या असतील तर त्या ध्वनिमुद्रित करायला आम्ही घरी येऊ. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला. म्हणजे लहानपणी ही साथ पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत.

स्कॅनर, ओल आणि वाळवीपासून जपणारी कपाटे, खोलीची डागडुजी आणि माहितीफलक मिळून सुमारे अडीच लाख रुपये लागतील. त्यातली कपाटे आणि डागडुजी पावसाळ्याआधी झालीच पाहिजेत, कारण छत गळते. शंभर रुपयेही आनंदाने घेऊ. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी वाचनालयाच्या फलकावर लावला जाईल. कोणी एकाने सगळा खर्च उचलून खोलीला आपले नाव द्यावे, असे आम्हाला नको आहे.

मोडी वाचणारे आणि जुने उर्दू हस्ताक्षर लागणारे यांची आम्हाला पैशांपेक्षाही जास्त गरज आहे. महिन्यातून एक सकाळ दिलीत तरी पुष्कळ. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना स्कॅनिंग आणि नोंदणी आम्ही शिकवू. वाचनालयात रोज संध्याकाळी सहा ते आठ आमच्यापैकी कोणी ना कोणी असतेच. कागद आणताना तो कोणत्या घरातला, कोणाच्या हातचा, एवढे एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.

आपले,
कक्ष समितीचे सर्व सदस्य
भिवंडी