किती दिवस लांब राहायचं, ती तारीख कागदावर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्करोगाच्या उपचारांवर आपल्या दैनिकात जे येतं ते मी आवर्जून वाचते. त्यात ऑपरेशन असतं, केमो असते, शेक (मशीनने दिलेले किरण) असतो. आमच्या विभागाचा उल्लेख आलाच तर ‘किरणोत्सारी औषध’ एवढाच येतो. हे दोन शब्द रुग्णाच्या घरापर्यंत पोचल्यावर काय होतं, ते कळवण्यासाठी हे पत्र.

मी नागपुरातल्या एका रुग्णालयाच्या कर्करोग विभागात न्यूक्लिअर मेडिसिनची, म्हणजे किरणोत्सारी औषधांनी होणाऱ्या तपासण्या आणि उपचारांची, भौतिकशास्त्रज्ञ आहे. रुग्ण मला डॉक्टर म्हणतात, पण मी डॉक्टर नाही. औषध कोणाला आणि किती, हे डॉक्टर ठरवतात. ठरलं तेवढंच जातंय ना, आसपासच्यांना त्रास होत नाही ना आणि रुग्ण घरी कधी जाऊ शकतो, हे मोजून सांगणं माझ्याकडे असतं. सगळं काम घड्याळाशी बांधलेलं. पेट स्कॅन, म्हणजे कर्करोग शरीरात कुठे आहे ते दाखवणारी तपासणी; तिच्या औषधातलं किरणोत्सारी फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मं होतं. बाहेरगावाहून येणारं औषध धुक्यामुळे किंवा विमानामुळे दोन तास उशिरा आलं, तर निम्म्याहून कमी हाती लागतं आणि पहाटेपासून उपाशी बसलेल्या रुग्णांपैकी कोणाला परत पाठवायचं हा प्रश्न पडतो. हाडांच्या स्कॅनचं टेक्नेशियम ६ तासांत निम्मं होतं, थायरॉइडच्या कर्करोगासाठीचं आयोडीन-१३१ आठ दिवसांत.

या आयोडीनबद्दलच मला लिहायचं आहे. गळ्यातल्या थायरॉइडची गाठ काढल्यावर उरलेल्या पेशी नष्ट करण्यासाठी अनेक रुग्णांना ते देतात. थायरॉइडच्या पेशी आयोडीन स्वतःहून ओढून घेतात, म्हणून औषध नेमकं तिथे जातं. आपल्या देशात हे नवीन नाही; परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरचं काम १९६३ पासून सुरू आहे आणि वाशीच्या ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेकडून हे औषध देशभर जातं. मोठी मात्रा दिलेल्या रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवावं लागतं. तिथल्या शौचालयाचं पाणी थेट गटारात जात नाही, टाकीत साठवून त्यातला किरणोत्सार पुरेसा कमी झाल्यावरच सोडतात. आम्ही दाराबाहेरून किंवा इंटरकॉमवर बोलतो. लाळेच्या ग्रंथींना त्रास होऊ नये म्हणून आंबट चघळायला सांगतो. आमच्याकडे लिंबाबरोबर संत्रा गोळ्यांची पुडीही असते. मी रोज एक मीटरवरून मोजमाप घेते आणि आकडा मर्यादेखाली आला की रुग्णाला सुट्टी मिळते.

सुट्टीच्या वेळी आम्ही सांगतो: काही दिवस एकट्याने झोपा, लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहा, पाणी भरपूर प्या, कपडे वेगळे धुवा. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. चूक कुठे झाली ते मला भंडाऱ्याकडच्या एका बाईंमुळे कळलं.

त्या सहा महिन्यांनी फेरतपासणीला आल्या होत्या. मे महिना होता. रक्त देऊन बाकाच्या अगदी टोकाला, सगळ्यांपासून सरकून बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले तर त्या आणखी सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, “मॅडम, आता पोराले जवळ घेतलं तर चालते काय?” पोरगा चार वर्षांचा. सहा महिने तो आजीजवळ झोपत होता. बाईंचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण ओसरीवर. घरचे वाईट नव्हते. दीर सोबत आला होता, त्याने वहिनीच्या औषधांचा हिशेब वहीत लिहून ठेवला होता. “तुम्हीच सांगितलं ना, लांब राहा म्हणून,” तो म्हणाला. त्याचं खरं होतं. कागद इंग्रजीत होता, तोंडी सांगितलं ते मराठीत, आणि ‘कधीपर्यंत’ हे दोन्हीकडे राहून गेलं होतं. त्या कागदाखाली माझी सही होती.

मी किरणोत्सार मोजणारं सर्व्हे मीटर आणलं. आधी भिंतीसमोर धरून दिराला आकडा वाचायला लावला, मग वहिनीच्या गळ्यासमोर धरलं. आकडा तोच. जमिनीतून आणि आकाशातून येणारा थोडा किरणोत्सार सगळीकडे असतोच, तेवढाच तिथे होता. सहा महिन्यांत हे आयोडीन बावीस वेळा निम्मं होतं. शरीरातून काहीच बाहेर गेलं नाही असं धरलं तरी दहा लाखांत एक भागही उरत नाही. आणि प्रत्यक्षात पहिल्या दोन-तीन दिवसांतच बरंचसं लघवीवाटे निघून गेलेलं असतं. बाईंनी मीटरकडे पाहिलंच नाही. त्या दिराच्या तोंडाकडे पाहत होत्या.

मी छातीवर बॅज लावते. तो दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो आणि माझ्या अंगावर किती किरण पडले त्याचा हिशेब मला कळतो. माझ्यासाठी वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची (हे अंगावर पडलेल्या किरणांचं माप) मर्यादा आहे, सामान्य माणसासाठी १. रुग्णाच्या घरातली माणसं सुरक्षित राहावीत म्हणूनच दिवस मोजून दिलेले असतात. मोजलेल्या दिवसांना शेवट असतो, आणि तोच आम्ही घरी पोचवला नाही.

त्या दिवसापासून मी सुट्टीच्या कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरांत तारखा लिहून देते: अमुक तारखेपासून जोडीदाराजवळ झोपा, अमुक तारखेपासून मुलाला कुशीत घ्या. छिंदवाडा, बालाघाटच्या रुग्णांना हिंदीत. मात्रेप्रमाणे आणि घरात कोण आहे त्याप्रमाणे तारखा बदलतात, म्हणून शेजारणीला सांगितलेले दिवस स्वतःला लावू नयेत. विदर्भात जिथे जिथे हा उपचार होतो, तिथल्या माझ्या सहकाऱ्यांनीही तारीख लिहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत निम्मं होतं. आशाताईंनाही तो कागद दाखवावा, कारण गावात लोक त्यांचं ऐकतात.

आणखी एक गैरसमज तर याहून मोठा आहे. मशीनखाली शेक घेतलेल्या रुग्णाच्या अंगात काहीच राहत नाही. मशीन बंद झालं की किरण संपले, जसा दिवा मालवल्यावर उजेड उरत नाही. एक्स-रे, सीटी स्कॅनचंही तेच. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग झालेली कितीतरी माणसं आपल्याकडे शेक घेतात, आणि त्यांचीही ताटं वेगळी केलेली मी ऐकली आहेत. त्यांना तर एक दिवसही लांब ठेवायचं कारण नाही. पेट स्कॅनचं औषध दुसऱ्या दिवसापर्यंत जवळपास संपलेलं असतं.

हे पत्र वाचणाऱ्या कोणाच्या घरी आयोडीन घेतलेलं माणूस अजून वेगळं झोपत असेल, तर उपचार झाला त्या विभागात त्याला घेऊन जा आणि मीटर लावून बघा म्हणा. उपाशी यावं लागत नाही, सुई टोचावी लागत नाही, पाच मिनिटं लागतात. आकडा तुम्ही स्वतः वाचा.

आपली वाचक,
एक वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ, नागपूर
(रुग्णाची ओळख उघड होऊ नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.)