खांद्यावरच्या कॅमेऱ्याची भानगड

परळ, मुंबई
सोमवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

गणपतीनंतर सविस्तर लिहितो म्हणालो होतो, पण कुठल्या वर्षीच्या गणपतीनंतर ते कुठे म्हणालो होतो? शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. साखर आहे तिथेच आहे, खांदा अधूनमधून कुरकुरतो, सुषमा मजेत. आरोग्याचं खातं इथे बंद.

परवा दादरला एका हॉलवर लग्न होतं. मी मिररलेस, म्हणजे तो फोटोवाल्यांसारखा छोटा कॅमेरा, गळ्यात अडकवून अंतरपाटाच्या बाजूला उभा. नवरीचा मामा जवळ येऊन मलाच विचारतो, "अहो, शूटिंगवाले आले नाहीत का अजून?" हसू नकोस. मीच तो, म्हटल्यावर त्याने आधी कॅमेरा न्याहाळला, मग मला, आणि "असं होय" म्हणत अक्षता वाटायला निघून गेला. सुषमा म्हणते, पैसे पूर्ण मिळाले ना, मग तुला काय करायचंय? तिचं बरोबर आहे. पण ते पॅनासोनिकच्या व्हीएचएस कॅमेऱ्याचं धूड खांद्यावर घेऊन ती आपल्याबरोबर लालबागच्या गर्दीत शिरलेली नाही. "शूटिंगवाल्यांना जाऊ द्या रे" म्हणत माणसं बाजूला व्हायची. तू मागून केबल गुंडाळत यायचास आणि माझ्यापेक्षा जास्त रुबाब करायचास, ते वेगळं.

तर सध्या माझ्या बोरा बाजारात फेऱ्या चालू आहेत. तिथे एकाकडे सोनीचा एमसी २५०० आहे, खांद्यावरचा व्हिडिओ कॅमेरा, वापरलेला पण नीट ठेवलेला. पंचावन्न हजार सांगतोय, पन्नासला येईल. मॉडेल २०१४ चं. मी एक दिवस भाड्याने आणला आणि आमच्याच चाळीतल्या कीर्तनाला लावला.

आधी वाईट सांगतो, कारण चांगलं ऐकलंस की तू पुढचं वाचत नाहीस. एवढ्या मोठ्या देहात चित्र टिपणारा सेन्सर आहे १/४ इंची. फुल फ्रेम म्हणतात त्या मोठ्या सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर, याची चारच्या आसपास. नारळ सोलत जावं आणि आत सुपारी निघावी, तसा प्रकार. पुढचा भाग म्हणजे खरा कॅमेरा, बाकी सगळं खांद्यावर टेकायला. यजमान ज्याला मोठा कॅमेरा समजून मान देतात ते निम्मं पोकळ प्लास्टिक आहे, हे मला कळतं, तुला कळतं, मामाला कळत नाही.

त्याचा परिणाम अंधारात दिसतो. बुवांच्या मागे काळा पडदा होता. चित्र उजळायला गेन अठरा डीबीपर्यंत नेला तर पडद्यावर मुंग्या चालायला लागल्या. त्यात झूम करून बुवांच्या चिपळ्यांवर गेलो की भिंग आणखी अंधारतं, कारण अशा भिंगांचं छिद्र टेलीच्या, म्हणजे पूर्ण झूमच्या, टोकाला लहान होतं. बाराची झूम आहे म्हणून बारापर्यंत जायचं नाही, हे मी तुला शिवाजी मंदिरात घसा कोरडा करून सांगत होतो. तू मात्र त्याच्याही पुढे डिजिटल झूममध्ये घुसून नायिकेच्या नाकाचे चौकोन केले होतेस. निर्माता अजून भेटला की विचारतो, तो तुझा जोडीदार कुठे असतो. मी सांगतो, कोकणात, सुरक्षित आहे.

ट्यूबलाइटचं मात्र जमलं. आपली वीज ५० हर्ट्झची, शटर १/५० सेकंदाला बांधून ठेवलं की पट्टे सरकत नाहीत. ऑटोवर सोडलं की भोगा.

आवाजाचं दुखणं वेगळंच. एक्सएलआर, म्हणजे ती मोठ्या माइकची तीन पिनांची जोडणी, नाही; माइकसाठी साधी मिनी जॅक. मंडपवाल्याच्या मिक्सरची लाइन थेट तिच्यात खुपसली की बुवांचा आवाज फाटणार. मध्ये सिग्नल खाली आणणारी केबल लागते. ती लॅमिंग्टन रोडवर करून घेईन, पण तेवढ्यावर भागत नाही. जॅक सैल असते, कोणी पाय लावला की गेली. एक्सएलआरला निदान खटका असतो.

आता चांगलं. बंड्या, तीन तासांचं कीर्तन मी सलग घेतलं. माझा मिररलेस २९ मिनिटं ५९ सेकंदांना थांबतो. म्हणे युरोपात तीस मिनिटं घेणाऱ्या कॅमेऱ्याला कॅमकॉर्डर समजून जास्त जकात लावायचे, म्हणून कंपन्यांनी ही मर्यादा घातली. युरोपची जकात आणि परळचे बुवा, काय संबंध सांग! पण पूर्वरंग संपून आख्यान रंगात यायला आणि हे ध्यान थांबायला एकच गाठ पडते. एमसी २५०० मध्ये आतच ३२ जीबी आहे. सेकंदाला पन्नास चित्रं घेणाऱ्या ५०पीला २८ एमबीपीएस (सेकंदाला २८ मेगाबिट), म्हणजे तासाला साडेबारा जीबीच्या आसपास, अडीच तास नुसत्या पोटातल्या मेमरीवर निघाले. पुढचं कार्डावर. बॅटऱ्या सोनीच्या एनपी-एफ जातीच्या, आपल्या एलईडी लाइटला लागतात त्याच, म्हणजे पिशवीतलं एक चार्जर कमी.

आणि लहान सेन्सरचा फायदा कोणी सांगत नाही. बुवा एका जागी थोडेच उभे राहतात? पुढे आले, हार्मोनियमकडे वळले, मागे गेले, तरी फोकस जागेवर. मिररलेसवर मी उघड्या छिद्राने धरला असता तर अर्धं कीर्तन त्यांच्या उपरण्याचा फोकस सापडला असता. लग्नात पोरांना मागचं सगळं ब्लर हवं असतं, तिथे हा कॅमेरा कामाचा नाही. ती पोरं तशीही फोन उभा धरून रील काढून मोकळी होतात, आपला अल्बम बघायला येतं कोण? मामा.

झूमचं बटण बोटाखाली आलं तेव्हा तर मला तुझी आठवण आली, खोटं कशाला सांगू. हळू दाबलं की हळू जातं. अभंग वर चढतोय तसं आपणही दाबत जायचं, आणि बुवांनी डोळे मिटले की थांबायचं. मिररलेसची रिंग फिरवताना हे साधत नाही, चित्र हिसका देतं. वर डोळा व्ह्यूफाइंडरला, एक हात पट्ट्यात, कोपर बरगडीला टेकवलेलं. हात कापत नाही. हातात धरावं की ट्रायपॉड लावावा यावर आपण बारा वर्षं भांडलो. खांद्यावर हा वाद उरतच नाही असं मी आता म्हणतो. तू म्हणशील, मी तेच सांगत होतो. तू हे सांगत नव्हतास. तू ट्रायपॉड उचलायचा कंटाळा करायचास.

एक मध्यम मार्ग आहे: मिररलेसला खांद्याचा रिग, म्हणजे खांद्यावर टेकवायचा सांगाडा, मागे वजन. स्वस्तात होतं आणि मामाही खूश. पण मग मी ढोंग विकत घेतोय असं वाटतं. या कॅमेऱ्यातही ढोंग आहेच, म्हटलं ना, निम्मा पोकळ. कीर्तनासाठी, नाटकांच्या रेकॉर्डिंगसाठी, शाळेच्या गॅदरिंगसाठी घेतोय असं मी स्वतःला पटवतोय. स्टेजवर उजेड असतो, तिथे १/४ इंचही निभावतो. पण रात्री पडलं की मामाचा चेहरा समोर येतो, आणि मग पन्नास हजारांपैकी किती कॅमेऱ्याचे आणि किती त्या "असं होय"चे, हे मला सांगता येत नाही. सुषमाला हा हिशेब मांडला तर ती फ्रिज बदलायचाय एवढंच म्हणेल. तोही बदलायचाच आहे.

तुझ्या आईचं मोतीबिंदूचं झालं का? चिन्मयी दहावीला ना यंदा? अकरावीला मुंबईत पाठवायची असेल तर आमच्याकडे जागा आहे, वहिनींना सांग. आंब्याची पेटी आली होती, हापूस उत्तम, पोच द्यायची राहिली, देतो आत्ता.

दुकानदाराला शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय. हो किंवा नाही, एवढंच कळव. फोन करू नकोस, फोनवर तू मला कॅमेरा सोडून स्कूटर घ्यायला लावशील. आणि हो म्हणालास तर ती जुनी चामड्याची पट्टी, तुझ्या माळ्यावर असेलच, कुरियरने पाठव. याच्याबरोबरची नायलॉनची आहे, मानेला काचते.

तुझा,
विन्या