पोटाचं ऑपरेशन लपवावं का लागतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संध्याकाळी तलावपाळीवर फेरी मारली की वजनाच्या गप्पा कानावर पडतातच. कुणी मध-लिंबूपाण्यावर आहे, कुणी रात्रीचं जेवण सोडलंय, कुणी पावडरचे डबे मागवलेत. सगळ्यांचं कौतुक होतं. वजन घटवण्यासाठी पोटाचं (बॅरिअॅट्रिक) ऑपरेशन केलेल्याला मात्र 'तोंडावर ताबा नाही, म्हणून पोट कापून घेतलं' हे ऐकावं लागतं. गुडघा बदललेल्याला भेटायला हीच मंडळी डबा घेऊन जातात!

माझ्या जावेने स्लीव्हचं ऑपरेशन करून घेतलं आणि नातेवाइकांना पित्ताशयातले खडे काढले म्हणून सांगितलं. या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. जेवण थोडक्यात आटपतं, भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरकही घटतं. पण पुढे जन्मभर बी-१२, लोह, कॅल्शियम सांभाळायचं, प्रथिनं आधी खायची, रक्ततपासण्या चुकवायच्या नाहीत. याला शॉर्टकट म्हणणाऱ्यांनी महिनाभर तिच्यासारखं जेवून दाखवावं. तिचे खरे हाल झाले ते एका मुंजीत. 'खडे काढले ना, मग जिलबीला काय होतंय?' असा आग्रह सुरू झाला. खरं कारण सांगायची सोय नव्हती. दोन घास जास्त गेले आणि ती पंगतीतून उठून ओकायला धावली.

या ऑपरेशनला विमा मिळणंही सोपं नाही. २०१९ मध्ये विमा नियामकाने ठरवलेल्या अटींनुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) किमान ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार असं काही गंभीर; तेही इतर उपाय थकल्यावर. आपल्याकडे मधुमेह कमी वजनातच गाठतो. म्हणूनच या शस्त्रक्रियेच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ ही मर्यादा सुचवली. या दोन मर्यादांच्या मधल्या रुग्णांनी वजन आणखी वाढायची वाट पाहायची का?

'आधी-नंतर'चे फोटो पाहून कुणी ऑपरेशनला धावावं, असं मी मुळीच म्हणत नाही. जठराच्या टाक्यांतून गळती, रक्तस्राव हे धोके आहेतच. मार्च २०२५ मध्ये मौंजारो हे वजन घटवणारं इंजेक्शन भारतात आल्यापासून ते घेणाऱ्यांवरही तोच आळशीपणाचा शिक्का बसतोय, आणि इंजेक्शन थांबवल्यावर वजन परत आलं की 'बघा, सांगितलं नव्हतं?' हेही ठरलेलं.

आपल्या आरोग्य पुरवणीत बारीक झालेल्यांचे फोटो नेहमी असतात. ऑपरेशनला पाच वर्षं झालेली माणसं आज काय जेवतात, किती वजन परत आलं, विम्याने किती पैसे दिले, हेही एकदा त्यांच्याकडूनच घेऊन छापावं, ही विनंती.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे