झेंडूच्या पिवळ्या रंगाविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेला सुती कापडाचा तुकडा मिळाला. झेंडूच्या फुलांत रंगवलेले कापड दुसऱ्याच धुण्यात फिके पडले आणि मधोमध शेवाळी डाग पडून नासले, असे तू लिहिले आहेस. तुकडा खिडकीपाशी धरून पाहिला, तेव्हा मला गंमत वाटली. ज्याला तू नासलेला भाग म्हणतोस, तोच धुऊनही टिकला आहे. उडाला आहे तो बाकीचा पिवळा. भांडे लोखंडी कढईच होते ना? कापड जिथे तळाला टेकले, तिथे लोखंडाने रंग धरून ठेवला आणि धरता धरता त्याची छटाही बदलली. तुझ्या प्रश्नाचे उत्तर त्या डागातच आहे.

सुती धाग्याला फुलापानांच्या बहुतेक रंगांची मुळात ओढ नसते. लोकर आणि रेशीम प्रथिनांचे असल्यामुळे रंग सहज घेतात, सुताची मात्र मनधरणी करावी लागते. रंग आणि धागा यांना बांधून ठेवायला मध्ये धातूचा क्षार लागतो, म्हणजे तुरटी किंवा लोखंडाचा क्षार असलेला हिराकस. आणि तुरटीसुद्धा नुसत्या सुतावर नीट बसत नाही, म्हणून तिच्याआधी हिरड्यासारखे तुरट द्रव्य द्यावे लागते. तू फुले निवडण्यात दोन दिवस घालवलेस आणि कापड मात्र घडी मोडून थेट पातेल्यात टाकलेस. चूक झाली असेल तर इथेच.

पुढच्या वेळी कोरडे कापड आधी वजन करून घे, कारण सगळी मापे त्यावरच ठरतात. शंभर ग्रॅम कापड धरले, तर प्रथम ते धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात तासभर उकळ. नव्या कोऱ्या, पांढऱ्या दिसणाऱ्या कापडातूनही चहासारखे पिवळट पाणी निघते. ती खळ आणि धाग्यातले मेण असते, आणि ते निघाल्याशिवाय आत काहीच मुरत नाही. नंतर वीस ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर भिजव, पिळून वाळव, आणि मग पंधरा ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात पुन्हा रात्रभर ठेव. एवढे झाल्यावर फुलांकडे वळ. ताजी फुले कापडाच्या दुप्पट वजनाची तरी असावीत, आणि भांडे स्टीलचे किंवा न टवकलेल्या एनॅमलचे. रंगाचे पाणी गाळून घेतल्यावरच कापड बुडव. पाकळ्या चिकटल्या की ठिपके उठतात.

हिराकस मुद्दाम वापरायचा असेल तर फार जपून, शंभर ग्रॅमला एक-दोन ग्रॅम पुरे. मी एकदा रंग गडद व्हावा म्हणून अंदाजाने मूठभर टाकला होता. कापड सुरेख करडे झाले, पण काही महिन्यांत घडीवरच विरले. बोट लावले की फाटे.

सगळ्याच वनस्पतींचा रंग अशा खटाटोपाने पक्का होतो, असे मात्र समजू नकोस. हळद काहीही न लावता सुतावर झळाळून बसते, पण उन्हात टिकत नाही, आणि साबण लागताच लाल होते, हे तू डाग काढताना पाहिलेच असशील. पळसाची फुलेही मन मोहवतात आणि उन्हात फिकी पडतात. मंजिष्ठाच्या मुळांचा लाल तुलनेने खूप टिकाऊ. फक्त ते पाणी खळखळ उकळू देऊ नकोस, लालीत तपकिरी झाक येते. निळीचे तर शास्त्रच निराळे, कारण ती पाण्यात विरघळतच नाही. आंबवणाने आधी तिला विरघळणाऱ्या रूपात आणावे लागते. मग कापड हिरवट-पिवळे बाहेर येते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होत जाते. तिच्यावर स्वतंत्र पत्र लिहीन. १८५६ साली विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत जांभळा रंग तयार केला, त्याआधी कित्येक रंगारी हे सगळे हाताच्या अंदाजाने करीत असत, याचे मला अजून नवल वाटते.

रंगासाठी फुले, पाने, साल गोळा करताना शक्यतो गळून पडलेले घे. झाडाची साल खोडाभोवती गोल सोललीस तर झाड मरते, आणि दगडफूल इतके सावकाश वाढते की ते खरवडण्याचा मोह टाळच. ओळख पटत नसेल ते रोप घरी आणू नकोस. कण्हेरीसारखे विषारी झुडूप उकळणे धोक्याचे आहे.

नवा तुकडा रंगवलास की त्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून दोन आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेव आणि मग तसाच मला पाठव. जुना मी परत करीत नाही. त्यातला शेवाळी डाग मला ठेवून घ्यायचा आहे.

तुझा मित्र